धोंडू

बारशाच्या पाळण्यावर द्वारकाआत्या वाकली खरी, पण नाव तिच्या तोंडून निघेना. याआधी याच पाळण्यात दोन भाच्यांच्या कानात तिनेच सुंदर सुंदर नावं सांगितली होती. दोघेही वर्षाच्या आत दगावले. आज भावाने ‘शर्विल’ ठरवलं होतं.

“करा की कुर्रर्र, आत्याबाई!” धपाटे घालायला टपलेल्या बायका हसल्या.

बाळाने तिचं बोट घट्ट धरलं, तशी ती आणखीच घाबरली. “धोंडू,” ती कशीबशी म्हणाली.

“पूर्वी घरोघर असायचे धोंडू,” एक म्हातारी म्हणाली. “मुलं जगत नसली की ठेवायचे. धोंड्याला काळ हात लावत नाही, म्हणून.”

भाऊ संतापला. “ताई, कुठल्या जमान्यात वावरतेस?”

आत्याला वहिनीकडे बघायचा धीर होईना. वहिनीने बाळाला उचलून छातीशी घेतलं.

“धोंड्या,” ती त्याला थोपटत म्हणाली, “भूक लागली ना रे?”