तिसाव्या मजल्यावरची दुर्बीण

"नवा टॉवर कुठवर आला ते गावातल्या त्या उंच महालाच्या गच्चीवरून बघून येतो," असं म्हणून लेशेक दर रविवारी अकराला बाहेर पडायचा. वॉर्साभर मेले टॉवरच उगवत होते, पण ते बघायला कुणी अत्तर लावून जातं का? त्याची बायको दोनाता हिच्या मनात पाल चुकचुकली. तो गेला की सूप मंद आचेवर ठेवून, लाल टोपी घालून ती महालाच्या दाराशी जाऊन उभी राहायची. तो कुणाबरोबर उतरतो ते बघून, आडवाटेने त्याच्याआधी घर गाठायची. तीन रविवार तो एकटाच उतरला, तोंड पाडून.

"सटवी मागून उतरत असणार," म्हणत चौथ्या रविवारी ती लिफ्टने थेट तिसाव्या मजल्यावरच्या गच्चीवर गेली. लेशेक एकटाच दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. मागे टाचांचा आवाज आला तरी त्याने मान वळवली नाही.

"जरा थांबा बाई, लागेल तुमचा नंबर. तीन आठवड्यांपूर्वी सहज आमच्या घरावर दुर्बीण धरली, तर माझी बायको लाल टोपी घालून कुठेतरी निघालेली. तेव्हापासून दर रविवारी तेच. घरी जावं तर आपली सूप ढवळत बसलेली. आजही कोपऱ्यापर्यंत दिसली, पुढे हा नवा टॉवर आडवा येतो. त्याच्या पलीकडे कोण राहतं, तुम्हाला काही कल्पना आहे?"

दोनाताने टोपी काढून पर्समध्ये कोंबली आणि चवड्यांवर लिफ्टकडे वळली. त्याच्याआधी घरी पोचून सूप ढवळत बसायला हवं होतं.