खिडकीचं हँडल

माझा मुलगा अनिश शिकागोहून व्हिडिओ कॉलवर सूचना देत होता आणि एसी मेकॅनिक शकील माझ्या वाघोलीच्या घरात एसीच्या डक्टला हीटर जोडत होता. चूक माझीच. गेल्या हिवाळ्यात अनिशकडे राहिले, तेव्हा गरम हवा बाहेर जाईल म्हणून चार महिने त्याने एकही खिडकी उघडू दिली नाही. माझा जीव गुदमरला. पण लेकाचं मन कसं मोडायचं, म्हणून परत येताना निमित्त सांगितलं, "मला थंडी सोसत नाही रे." ते त्याने मनावर घेतलं. इथली थंडी ती केवढी, सकाळी नऊपर्यंत! मग मी खिडकी उघडून उन्हात लसूण सोलत बसते आणि समोरच्या गॅलरीतल्या रशीदाशी गप्पा मारते. "शकील, आईच्या खोलीची खिडकी सील करून टाका," फोनमधून हुकूम आला. शकीलने माझ्याकडे पाहिलं. "काकू, करू?" मी मान डोलावली. त्याने फटींत सिलिकॉन भरलं आणि खिडकीचं हँडल काढून माझ्या हातात दिलं. अनिशने तिकडूनच ॲपवरून हीटर सुरू केला. छताच्या जाळीतून गरम हवा डोक्यावर आली. काचेपलीकडे रशीदा काहीतरी विचारत होती. ओठ दिसले, शब्द आले नाहीत. "आई, कसं वाटतंय?" हँडल मुठीत आवळून मी म्हणाले, "अगदी तुझ्या घरासारखं." अनिशचा चेहरा फुलला. "बघा! शकील, आता हॉलच्या खिडक्याही घ्या करायला."