शून्य मिनिटांत रुग्णवाहिका

लोकशाहीचा खरा रखवालदार म्हणजे अचूक काढलेली सरासरी, यावर आकडेबाईंची अढळ श्रद्धा होती. त्या सकाळी या रखवालदाराला संचालकांच्या दालनाबाहेर डुगडुगत्या बाकावर बसवून ठेवण्यात आलं होतं. सोबत आकडेबाईही होत्या.

त्या आरोग्य खात्याच्या प्रमुख डेटा सल्लागार. बाहेरून, कंत्राटावर आलेल्या. एवढं लांबलचक बिरूद उच्चारायला खात्यात कुणाला सवड नव्हती, म्हणून त्यांचं आकडेबाई झालं होतं.

आत्याचा फोन आला.

"काय गं, घेतलं का आत?"

"अजून नाही."

"मग बस. पण वाकू नकोस. तुला मी वाढवलंय ते लोटांगणं घालायला नाही."

आत्या पुलापलीकडच्या वस्तीत, रुग्णवाहिका केंद्रासमोरच राहत होती. हृदयविकाराचा दुसरा झटका आला तेव्हा ती 'कुठे उलथलेत मेले' म्हणेपर्यंत गाडी दारात उभी होती. तेच केंद्र आता पहिल्या तारखेपासून बंद होणार होतं. निर्णय झाला होता. तो फिरवू शकेल अशी एकच गोष्ट उरली होती, आकडेबाईंचा अहवाल. तो दुपारच्या सभेत मांडला जाणार होता, आणि सभेच्या टेबलावर पोचलेला अहवाल सल्लागाराच्या सहीशिवाय कुणालाही परत घेता येत नसे.

संचालकांनी आत बोलावलं.

"मॅडम, तुमची सरासरी फार वर गेलीय हो. केंद्र बंद केलं तर पुलापलीकडे गाडी पोचायला अर्धा तास?"

"पूल अरुंद आहे, साहेब. सरासरीला उडता येत नाही."

"पण इकडून पुलापलीकडे गाडी मागवून रद्द झालेले कॉल तुम्ही धरलेच नाहीत."

"त्यांच्याकडे गाडी गेलीच नाही, तर पोचायला लागलेला वेळ कुठून आणू?"

"शून्य धरा. गाडी गेली नाही म्हणजे वेळ लागला नाही. साधा हिशेब आहे."

आकडेबाईंनी चष्मा काढून पुसला. संताप आवरायची त्यांची ती पद्धत होती. काचा कायम लख्ख असत.

"कॉल रद्द का होतात ठाऊक आहे का? वाट बघून लोक शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखाना गाठतात. काहींना तेवढीही गरज उरत नाही. त्यांच्या नावावर तुम्ही शून्य मिनिटं लिहिणार? जगात इतकी चपळ रुग्णवाहिका दुसरी नसेल."

"म्हणजे अहवाल मागे घेणार नाही?"

"नाही."

"दुरुस्तही करणार नाही?"

"एका दशांशानेही नाही."

संचालक खुर्चीत मागे रेलले. "हे तोंडी झालं. तोंडी शूर पुष्कळ बघितलेत मी. लेखी द्याल?"

आकडेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कागद द्या."

संचालकांनी कागद दिला. पेनही दिलं. वर चहा मागवला. आकडेबाईंनी त्याला हात लावला नाही. तेवढाच एक निषेध. त्यांनी झरझर लिहायला घेतलं. संचालक उलट्या बाजूने वाचत होते.

"'नम्र आक्षेप' लिहिलंत. नम्र आक्षेपाला इथे कोण हिंग लावून विचारतंय? भीती वाटते का?"

आकडेबाईंनी 'नम्र'वर काट मारली आणि 'तीव्र' लिहिलं.

"विषयात अहवालाचं नाव पूर्ण येऊ द्या."

"कारवाई करायला सोपं जावं म्हणून?"

"तसं समजा."

त्यांनी नाव पूर्ण लिहिलं, पदनामासकट. खाली अशी सही ठोकली की कागदाच्या मागच्या बाजूलाही ती हाताला लागत होती. संचालकांनी स्वतः उठून कागद आवक विभागात नेला आणि शिक्का मारून आणला. सल्लागाराला घरी धाडायची इतकी घाई आकडेबाईंनी कुठल्याच खात्यात पाहिली नव्हती.

जिन्यातून त्यांनी आत्याला फोन लावला.

"दिलं लेखी."

"शाब्बास गं माझी वाघीण. काय म्हणाला तो?"

"पेन परत मागितलं."

"द्यायचं नाहीस."

दुपारी सभागृह भरलं. आकडेबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या. कंत्राट गेल्यात जमा होतं, पण आकडा शाबूत होता. आज सगळ्यांसमोर, संचालकांच्या नाकावर टिच्चून, तो त्या वाचून दाखवणार होत्या. काय बोलायचं ते पाठ होतं. मरणाच्या नावावर शून्य मिनिटं लिहू देणार नाही, हे शेवटचं वाक्य तर त्यांनी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

अध्यक्षांनी विषय पुकारला. आकडेबाई उठणार तोच संचालक उभे राहिले.

"अध्यक्ष महोदया, या अहवालाबाबत तीव्र आक्षेप दाखल झाला आहे."

"लेखी?"

"लेखी. आजच्या तारखेचा शिक्का आहे."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग अहवाल सभेपुढे आणलात कशाला? आक्षेप असलेला अहवाल वाचता येत नाही. वाद निवारण समितीकडे पाठवा. तिचा निकाल येईपर्यंत मूळ निर्णय कायम. केंद्र पहिल्या तारखेपासून बंद. पुढचा विषय."

"थांबा," आकडेबाई म्हणाल्या. "आक्षेप माझा आहे."

"बरं."

"आणि अहवालही माझाच आहे. आक्षेप अहवालावर नाही, तो बदलायला सांगण्यावर आहे."

"ते समितीला सांगा, बाई. वादी-प्रतिवादी एकच असले की त्यांना सोपं जातं."

सभागृहात हशा पिकला. आकडेबाई बसल्या नाहीत.

"सांगते. आज, आत्ता सांगते. समितीवर कोण आहे?"

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी संचालकांकडे पाहिलं.

समितीवरच्या सदस्यांच्या जागा रिक्त होत्या आणि नव्या नेमणुका होईपर्यंत तिचा कार्यभार संचालकांकडे होता.