साठांतल्या एकोणीसजणी

केंकरे मॅडमनी संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला यंदा चाचणीऐवजी प्रकल्प दिला होता. “आपल्या गावचा प्रश्न घ्या, आकडे स्वतः गोळा करा,” असं त्यांनी बजावलं होतं.

कांचन वाघमोडेने आपल्या गावाकडून शिकायला येणाऱ्या साठ मुलींना गाठलं. पाचची बस बंद झाल्यापासून त्या सगळ्या फाट्यावरून चालत घरी जायच्या. वाटेत कुणीतरी पाठलाग केल्याचं त्यांतल्या एकोणीसजणींनी सांगितलं. मॅडम तिने काढलेला आलेख घेऊन बस आगारात गेल्या. “पोरीनं काम छान केलंय,” आगारप्रमुख म्हणाले, “पण गाडी सोडणं माझ्या हातात नाही.”

सादरीकरणाला कांचन आलीच नाही. मॅडमनी तिच्या घरी फोन लावला.

“आता ती नाही यायची,” वडील म्हणाले. “आकडे तिनंच मला वाचून दाखवले. ‘त्या एकोणिसांत तू हाईस का?’ इचारलं, तर गप बसली. आता कसं धाडू पोरीला, तुम्हीच सांगा.”

तेवढ्यात कांचनने फोन घेतला.

“मॅडम, माझं काही चुकलं का हो?” तिने रडत विचारलं.

“नाही गं,” मॅडम म्हणाल्या, “सगळं बरोबर आहे.”