बारावा गडी

"कपिल देव नाई बसत," इश्वर म्हणाला. "अकराच जागा हायेत. भावनेनं टीम होत नसते."

बापाच्या तेरवीचा भात चुलाण्यावर शिजत होता. पत्रावळी मांडायला वेळ होता, म्हणून मंडपात दोघे भाऊ वनडे क्रिकेटची आजवरची सगळ्यात भारी टीम काढत बसले होते. दोघांची डोकी तुळतुळीत. इश्वर थोरला, जवाहरनगरला फॅक्टरीत. सूरज धाकटा, नागपूरला. बाप गेला त्या दिवशीही दोघांचा एवढा आवाज निघाला नव्हता.

त्यांची माय रुखमिणीबाई चौकटीला टेकून ऐकत होती. सारं कोंढा गाव तिच्या जिभेला भ्यायचं. पण म्हातारा गेल्यापासून ती जीभ एकाच वाक्यापुरती उरली होती. भेटायला येईल त्याला ती सांगायची, "माह्या इश्वरनं तोंडात पानी टाकलं, मंगच जीव सोडला." लोक हात जोडायचे. लेकाच्या हातचं पाणी मिळालं, म्हातारा तरला, म्हणायचे. इश्वर शेजारी बसून मान खाली घालायचा.

दोघांची बहीण डिंपल आत-बाहेर करत होती. वरठीच्या नवऱ्याचा मार खाऊन ती माहेरी आली, त्याच साली बापाला लकवा झाला. तेव्हापासून त्याचं हागणं-मुतणं तिनंच काढलं. आज सकाळीच इश्वरनं मायला सांगून टाकलं होतं, "तेरवी झाली का डिंपलले वरठीले पोचवून देतो. घराले कुलूप लावू. तू माह्या क्वार्टरले चाल."

रुखमिणीबाईनं हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

"सचिन आन गिलख्रिस्ट ओपनर," इश्वर म्हणाला. "धोनी कीपर आन कप्तान."

"आन रोहित?"

"बाहेर."

"तीन डबल सेंच्युऱ्या मारनारा बाहेर? दादा, तुह्या डोक्स्यावरचे केसच गेले का अक्कल बी गेली?"

मंडप हसला. इश्वर चिडला. "बरं, घे मंग त्याले बारावा!"

"बारावा म्हंजे कोन रे?" रुखमिणीबाईनं विचारलं. सगळे वळले. म्हातारी आज पहिल्यांदाच दुसरं काही बोलली होती.

"बारावा गडी, माय," इश्वर कौतुकानं सांगू लागला. "टीमसंगं राह्यते, पन टीमच्या मोजनीत नाई. खेळनाऱ्यायले पानी पाजते."

"आन कोनी पडला तं?"

"तं पळाले येते त्याच्या जागी. पन बॅट नाई भेटत त्याले. पानी पाजलं म्हनून कोनी टीमचा होत नसते."

"असं व्हय," रुखमिणीबाई म्हणाली. डिंपल तेवढ्यात हातात पाण्याचा गडवा घेऊन पंगतीच्या जागेकडे गेली. मायची नजर तिच्या भेगाळलेल्या टाचांमागं गेली आणि तिथंच राहिली.

रुखमिणीबाईचा भाऊ तेजराम पागोटं घेऊन उठला. बापाच्या जागी लेक उभा राहिला, म्हणून मामानं बांधायचं. त्यानं इश्वरच्या डोक्याला तीन वेढे घातले, टोक खोचलं आणि बुंदीचा अख्खा लाडू त्याच्या तोंडात कोंबला.

"घे, झाला घराचा कप्तान," सूरज म्हणाला.

कप्तानाला घाई होती. लाडू गालात धरूनच तो बोलू लागला. "आता घराचं मी पाहीन. मामा, तुमी सारे हाय तं सांगूनच टाकतो. उद्या सकाळी डिंपलले वरठीले..."

बुंदी घशात अडकली. ठसका लागला तो थांबेना. डोळे लाल झाले, पागोटं एका कानावर आलं.

"पानी! डिंपल, पानी आन व!"

डिंपल सवयीनं धावली. गडवा पुढे करणार, तोच रुखमिणीबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

सारा मंडप बघत होता. तेच लोक, हात जोडणारे. खरं बोलली तर त्यांच्या तोंडून म्हाताऱ्याचं तरणं जाणार होतं. न बोलली तर सकाळी पोरगी जाणार होती.

रुखमिणीबाईनं इश्वरच्या ओंजळीत धार धरली. तो घटाघटा प्यायला. श्वास सुरळीत झाल्यावर पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तशी तिनं त्याच्या डोक्यावरचं पागोटं नीट केलं आणि पार चुलाण्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पे बापा, पोटभर पे. याच गडव्यातलं शेवटचं पानी बाराव्यानं पाजलं तुह्या बापाले. कप्तान तं मॅच संपवून आला, म्हातारा गार झाल्यावर."