आत बोलावणं

सूर्यावरून सुटलेला प्लाझ्माचा लोट अंतराळस्थानकाकडे निघाला होता, आणि सौरवादळांवर नजर ठेवणाऱ्या बाईंचा मुलगा नेमका तेव्हाच स्थानकाबाहेर दुरुस्ती करत होता. बाहेर पडायच्या या एका संधीसाठी त्याने नऊ वर्षं जिवाचं रान केलं होतं. बाईंनी आकडे तीन-तीनदा ताडून पाहिले आणि अखेर त्याला काम अर्धवट टाकून आत यायला लावलं. लोट बाजूने निघून गेला. स्थानकाला त्याची झळही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा फोनवर फणकारला, “आई, खरं सांग. माझ्या जागी दुसरं कोणी असतं, तर बोलावलं असतंस आत?”

“बोलावलं असतं की,” बाई म्हणाल्या. “तासभर आधी.”