हजारामागं तीनशे

पगाराच्या दिवशी चाकणच्या चौकातल्या एटीएमबाहेर रोहिदासशेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे होते. लॉटरी लागल्याचे पेढे वाटत होते खरे, पण तोंडाचा पट्टा सरकारवर चालू होता.

"तिकीट माझं, नशीब माझं. अन् पैसं हातात पडायच्या आधीच ह्यांनी हजारामागं तीनशे कापलं. ह्यांनी केलं काय, राव? नुसतं मधी बसून खाल्लं. दुसऱ्याच्या ताटात हात घालताना लाज कशी वाटत न्हाई?"

रांगेतल्या प्रितमच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण कंपनीत त्याला शेठनीच लावलेलं, म्हणून तो रांगेत पुढं सरकला. पगार काढून बाहेर आला, तर शेठनी त्यालाच अडवलं.

"तूच सांग भावा, अशा माणसाला काय म्हणत्यात?"

काम टिकवायचं तर दर पगाराला द्यावे लागतात तसे हजारामागं तीनशे प्रितमने मोजून शेठच्या हातावर ठेवले. पेढ्याला हातही लावला नाही.



"ठेकेदार म्हणतात, शेठ."